काचेबाहेरची आई

३ फेब्रुवारी

अकरा मिनिटांच्या दादा,

नऊ वर्षांनी लिहिते आहे, त्यामुळे खुशाली विचारत नाही. तुझी खुशाली मला काल फोनवर दिसली. बावीस मिनिटांची, मागे मोठा पडदा, कोटाच्या खिशाला पेन.

दाखवली माझ्या जोडीदाराने. जोडीदार म्हणजे नवरा नव्हे, उगाच आनंद मानू नकोस. कामावरचा जोडीदार. एक जण लिफ्टच्या टपावर चढला की दुसऱ्याने खाली दाराशी थांबायचं, एकट्याने काम करायचं नाही, असा आमच्यात नियम आहे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही गच्चीवरच्या मशीनरूममध्ये बसलो होतो. तो म्हणाला, "ताई, हे डॉक्टर तुमच्यासारखेच दिसतात. नाक तर अगदी तेच." मी म्हटलं, बघू. आणि शेवटपर्यंत बघितलं. हातातलं काम अर्धवट टाकायची मला सवय नाही, तू लोकांना काहीही सांग.

भाषण चांगलं होतं. हे खोचकपणे लिहीत नाही. मी बारावी नापास, तरी मला सगळं समजलं. पहिल्या दोन-तीन वर्षांत बाळाच्या मेंदूत काय काय बांधलं जातं, आई जवळ असली की बाळाची भीती तिच्या अंगाला लागून कशी निवते, आणि आई नसली की मेंदूतलं भीतीचं ठिकाण वेळेआधी जागं होतं आणि मग त्याला परत झोपायचं कसं हेच कळत नाही. छान सांगितलंस. जोडीदारानेही मान हलवली.

मग तू तो फोटो लावलास.

पायऱ्यांवरचा. आपण दोघं अडीच वर्षांचे. मी शिशुगृहातून घरी आले त्याच आठवड्यातला. तू आईच्या मांडीत घुसलेला. मी तुमच्यापासून हातभर लांब, दोन्ही मुठी आवळून फोटोबाहेर कुठेतरी बघते आहे. तुझ्या हातातल्या दिव्याचा लाल ठिपका माझ्या कपाळावर थरथरत होता आणि तू म्हणालास, "एकच कूस, एकच दिवस. मुलगा आईजवळ राहिला. तो आज तुमच्यासमोर उभा आहे." लोक हसले. "मुलगी पहिली अडीच वर्षं संस्थेत होती. शिक्षण अपुरं, अकरा नोकऱ्या, लग्न मोडलेलं, कुणाशीच जमत नाही." तेव्हा कुणी हसलं नाही.

नोकऱ्या अकरा नाहीत, सात. सातवी चौदा वर्षं चालू आहे. या शहरातल्या एकशे चाळीस लिफ्ट माझ्या सहीवर वरखाली होतात. तू बोललास त्या इमारतीतली लिफ्टही माझ्यासारख्याच कुणीतरी तपासली असणार, म्हणून तुझे श्रोते पाचव्या मजल्यावर धडपणे पोचले. लग्न मोडलं हे खरं. पण ते मोडायला आलं होतं तेव्हा तू माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला होतास, "तिला कुणाचं होताच येत नाही. लहानपणापासून तशीच आहे." हे काही तू पडद्यावर दाखवलं नाहीस. मी तुझ्याशी बोलणं त्या वाक्यामुळे सोडलं, मेंदूमुळे नाही.

अजून एक. कॅमेरा एकदाच श्रोत्यांकडे वळला. पहिल्या रांगेत आई होती. फोटो लागल्यावर ती हसली, आपलीच माणसं दिसली म्हणून. पुढची वाक्यं ऐकताना तिचा चेहरा कसा झाला ते कॅमेऱ्यात आलं नाही. तू समोर उभा होतास, तुला दिसलं असेल.

तो फोटो काढून टाक.

अकरा मिनिटांनी धाकटी


१४ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. सोबतचा फॉर्मही मिळाला.

"तुझा यात काहीच दोष नाही" हे तू तीनदा लिहिलं आहेस. मी दोष कबूल केलाच कुठे होता, की तू तो माफ करतोस? गाडीखाली आलेल्या माणसाला सांगतात तसं सांगतोस. मी अजून चालते-फिरते आहे रे.

आणि मशीनमध्ये तासभर पडून राहायचं, हलायचं नाही, डोक्याचे फोटो काढायचे, तुझ्याही डोक्याचे काढायचे आणि शेजारी शेजारी लावायचे. "जुळ्यांची अशी तुलना फार दुर्मीळ असते" म्हणे. फॉर्म परत पाठवते आहे. जिथे सही करायची तिथे "नाही" लिहिलं आहे. अक्षर वाईट आहे, पण वाचता येईल.

तुझ्या पडद्यावर नसलेल्या गोष्टी मी तुला सांगते, म्हणजे मशीनचं काम वाचेल. कुठल्याही खोलीत गेले की मी आधी दार किती लांब आहे ते बघते. कुणी उशिरा आलं की मला वाटतं तो येणारच नाही, आणि तो आला की मी त्याच्याशी भांडते. कुणी मागून खांद्यावर हात ठेवला की माझा हात मुठीसकट वर येतो. जोडीदाराचा एकदा ओठ फुटला आहे, तेव्हापासून तो आधी खोकतो. हे सगळं खरं आहे. तुझं शास्त्र खोटं आहे असं मी म्हणतच नाही. पण याच डोक्याला ब्रेकमधला बारीकसा बदललेला आवाज सहाव्या मजल्यावरून ऐकू येतो. गेल्या वर्षी त्यामुळे चार माणसं वाचली. सतत जागं राहणारं डोकं कुठे ना कुठे कामाला येतं. यावरही एखादा फोटो लाव.

आता खरी बातमी. आई इथे आहे.

मंगळवारी कामावरून आले तर जिन्यात बसलेली. सात तास बसने आली, एकटी, मांडीवर एक पिशवी. तुम्हाला चिठ्ठी ठेवून निघाले म्हणाली, म्हणजे तुला कळलंच असेल. "किती दिवस राहणार?" मी विचारलं. "तू घालवेपर्यंत," ती म्हणाली. माझी एक खोली आणि स्वयंपाकघर. खाट तिला दिली. पहिले दोन दिवस आम्ही पाहुण्यांसारख्या वागलो. ती विचारायची, "पाणी घेऊ का?" मी म्हणायचे, "घ्या ना." मी आईला अहो-जाहो केलं, विचार कर.

तिसऱ्या दिवशी ती माझे कामाचे कपडे घासत बसली होती. ग्रीस निघत नाही, सोड, असं मी सांगत होते. ती मान वर न करता बोलायला लागली.

तुला माहीत असलेली गोष्ट इतकीच ना: आईला बाळंतपणानंतर ताप भरला, बाबा जहाजावर होते, आजीला दोन बाळं झेपत नव्हती, म्हणून जे अशक्त होतं ते शिशुगृहात ठेवलं. मलाही इतकीच माहीत होती. आई म्हणाली, ती दोन महिन्यांत बरी झाली होती. दर रविवारी तुला आजीकडे ठेवून मला बघायला यायची. काचेबाहेरून. आत घेत नसत, जंतू जातात म्हणून. मी आठ महिन्यांची झाले आणि तिला ओळखायला लागले. ती निघाली की मी तीन-तीन दिवस रडायचे. तेव्हा तिथल्या मोठ्या बाईंनी तिला सांगितलं, "तुम्ही आलात की हिला त्रास होतो. इतर मुलंही बिघडतात. घरी न्यायची सोय होईपर्यंत येऊ नका. आपोआप शांत होईल."

"मग?" मी विचारलं.

"मग मी गेले नाही," आई म्हणाली. "आजी म्हणत होती, तिथे दूध वेळेवर मिळतं, इथे दोघांचेही हाल होतील. मी सगळ्यांचं ऐकलं. आणि तू शांत झालीस. त्यांनी तसं कळवलं होतं, पोस्टकार्डावर."

तू भाषणात म्हणालास ना, की अशी बाळं काही काळाने रडायची थांबतात, कारण रडून कुणी येत नाही हे मेंदू शिकतो. ते वाक्य तिने पहिल्या रांगेत बसून ऐकलं. बेचाळीस वर्षं तिला वाटत होतं की मी शांत झाले होते.

आता कळलं ती का आली ते?

धाकटी


२६ फेब्रुवारी

दादा,

तू परदेशात भाषणं देतो आहेस, म्हणून हे पत्र तुझ्या वॉर्डाची उपप्रमुख फोटो काढून तुला पाठवेल. तिने कबूल केलं आहे. शहाणी बाई आहे, तिला ओरडू नकोस.

माझी लेक सोमवारी सकाळी बाळंत झाली. एकतीस आठवड्यांत. तुझ्या हॉस्पिटलमध्ये, कारण तिच्यासाठी तू या नऊ वर्षांतही मामाच होतास आणि ते मी कधी तोडायला लावलं नाही. मुलगी आहे. तेराशे पन्नास ग्रॅम. आम्ही तिला चिमटी म्हणतो. नाकात बारीक नळी आहे, पण श्वास तिचा तिचाच आहे. आई आणि मी पहिली बस पकडून आलो.

तुझा वॉर्ड स्वच्छ आहे. जमिनीत तोंड दिसतं. बारा पेट्या, त्यात बारा बाळं, प्रत्येकाच्या डोक्याशी आकडे दाखवणारं यंत्र. आणि मध्ये काच. काचेवर पाटी. "मातांसाठी वेळ: सकाळी अकरा ते साडेअकरा, सायंकाळी पाच ते साडेपाच. काचेबाहेरून. बाळास स्पर्श करू नये." खाली तुझी सही. मला तुझी सही ओळखू येते, प्रगतिपुस्तकावर बाबांची करायचास तीच आहे.

मी ती पाटी दोनदा वाचली. तीन आठवड्यांपूर्वी ज्या माणसाने मला फोनवरच्या भाषणात सांगितलं की आईच्या अंगाची ऊब हे बाळाच्या मेंदूचं अन्न आहे, त्याच माणसाच्या वॉर्डात पाच बायका काचेला कपाळ लावून उभ्या होत्या. एकीचा सदरा दुधाने भिजला होता आणि ती तो ओढणीने झाकत होती.

तुझ्या उपप्रमुखाला विचारलं. ती म्हणाली, "सरांनी योजना लिहून ठेवली आहे. आईने बाळाला उघड्या छातीशी धरायचं, त्याचीच. दोन वर्षं झाली. संसर्गाची भीती आहे, माणसं कमी आहेत, व्यवस्थापन विचारतं जबाबदार कोण. सर म्हणतात योग्य वेळी करू."

आई माझ्या बाजूला उभी होती. तिने काचेला हात लावला आणि लगेच काढून घेतला, चटका बसल्यासारखा. मला म्हणाली, "तशीच आहे. आमच्या वेळी खाली हिरवा रंग होता, एवढाच फरक."

दुपारी लेकीपाशी बसले. तिचं पोट अजून दुखत होतं. ती छताकडे बघत म्हणाली, "आई, त्यांनी मला आत सोडलं आणि मला जमलंच नाही तर? तुला जमलं नव्हतं ना."

मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. तिच्या वडिलांनी सांगितलं असेल, किंवा तू. किंवा कुणीच नाही, तिचं तिलाच माहीत असेल. तुझ्या शास्त्राप्रमाणे तसंही असतं.

ती जन्मली तेव्हा चार महिने मी तिला वेळेवर दूध पाजलं, स्वच्छ ठेवलं, लशी टोचून आणल्या, आणि सगळा वेळ भिंतीकडे बघत होते. छातीशी होती ती, पण मी तिथे नव्हते. ती माझी वाटत नव्हती. कुणीतरी सांभाळायला दिलेलं सामान वाटायचं, हरवलं तर जाब विचारतील असं. हे आजवर मी कुणाला लिहिलेलं नाही. तुला लिहिते आहे कारण तुला हवाच होता ना पुरावा. घे.

पण पुढचंही घे. पाचव्या महिन्यात एका दुपारी तिला शिंक आली. स्वतःच्या शिंकेने ती इतकी दचकली की तिने माझ्याकडे बघितलं, हे काय झालं, असं विचारल्यासारखं. मला हसू आलं. मी हसले तशी तीही हसली. मग मी मुद्दाम खोटी शिंक काढली. तासभर आम्ही दोघी शिंकत होतो. त्या तासानंतर ती माझी होती. इतकं साधं होतं, आणि त्याला चार महिने लागले. हे तुझ्या कुठल्या फोटोत येईल?

तेच मी लेकीला सांगितलं. "चार महिने जमलं नाही. पाचव्यात जमलं. तुला याहून लवकर जमेल, कारण तू माझी लेक आहेस आणि तुला मी होते."

ती रडली. मीही. पाच मिनिटं. मग आम्ही तिघींनी ठरवलं.

तुला आधीच सांगून ठेवते: उद्या सकाळी अकरा वाजता आम्ही काचेबाहेर उभ्या राहणार नाही.

धाकटी


२८ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या उपप्रमुखाकडून तू ऐकलं आहेसच. माझ्याकडूनही ऐक. त्यात आरडाओरडा, धक्काबुक्की काहीही नव्हतं. "नातेवाइकांचा गोंधळ" असं कुणी लिहून दिलं असेल तर ते खोटं आहे.

अकरा वाजता नर्स दार उघडून बाहेर आली. आईने बाकाजवळची खुर्ची उचलली, बरोबर उंबऱ्यात ठेवली आणि तिच्यावर बसली. बस्स. तुझं ते दार आपोआप मिटणारं आहे. ते येऊन खुर्चीला टेकलं आणि थांबलं.

नर्स म्हणाली, "आजी, दार बंद व्हायला हवं. आतली उष्णता जाते."

आई म्हणाली, "हो ना. मग हिला आत घ्या, मी लगेच उठते."

हिला म्हणजे माझ्या लेकीला. ती मागे तयारच होती. कोपरापर्यंत हात धुतलेले, केस बांधलेले, धुतलेला सैल सदरा, पुढून उघडणारा. तुझ्याच योजनेत लिहिलंय तसं. उपप्रमुखाने मला ते कागद वाचायला दिले होते, आणि मी यंत्राची सूचनापुस्तिका वाचते तसे ते दोनदा वाचले होते.

सुरक्षारक्षक आला. भला माणूस होता. "आजी, उठा बरं," म्हणाला. आई त्याच्याकडे मान वर करून बघत म्हणाली, "मला एकदा असंच सांगितलं होतं. बाळाला बघायला येऊ नका म्हणून. मी शहाण्यासारखं ऐकलं. ते बाळ म्हणजे ही." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्या भावाने हिचा फोटो लावून जगाला सांगितलं काय झालं ते. तोच तुमचा मोठा डॉक्टर. आता मी ऐकणार नाही. उचलायचं असेल तर खुर्चीसकट उचला." तो बिचारा दोन पावलं मागे सरला. काचेला टेकलेल्या बायका आता काच सोडून आईकडे बघत होत्या.

उपप्रमुखाने तुला फोन लावला. आम्हाला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो सर. नाही सर, दार अडवलंय. तुम्ही येईपर्यंत नऊ दिवस कसं थांबवू सर?" मग बराच वेळ तू बोललास. मग ती अगदी हळू म्हणाली, "सर, तुम्हीच शिकवलंत की हे दिवस परत मिळत नाहीत." आणि तिने फोन खिशात टाकला. तू तिकडून काय म्हणालास ते मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही.

ती लेकीकडे वळली. "एक तास. मी बाजूला बसते. आकडे घसरले तर लगेच पेटीत. जबाबदारी माझी." लेक आत गेली. आई उठली, खुर्ची उचलून आत नेली, लेकीला बसायला दिली आणि बाहेर आली. दार मिटलं.

चिमटीला नळीसकट उचलून लेकीच्या छातीवर ठेवलं, वर सदरा ओढला, वर पांघरूण. फक्त टोपी दिसत होती. लेकीचे हात हवेत होते, कुठे ठेवावेत कळत नव्हतं. मी काचेतून माझे हात माझ्याच छातीवर ठेवून दाखवले. तिने ठेवले.

मग मी आकड्यांकडे बघत राहिले. आकडे वाचणं माझं कामच आहे. आधी सगळं वर-खाली झालं, आणि उपप्रमुखाचा हात पेटीकडे गेला. मग तो थांबला. साधारण दहा मिनिटांनी छातीचे ठोके एका लयीत आले. प्राणवायूचा आकडा ब्याण्णववर होता तो पंचाण्णव झाला आणि तिथेच राहिला. उपप्रमुखाने कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. तासाचे दोन तास झाले.

संध्याकाळी ओल्या सदऱ्याची ती बाई पुढे आली. ओढणी बाजूला काढून ठेवली होती. तिने उपप्रमुखाला एवढंच विचारलं, "माझी पाळी कधी?"

तर आता गोष्ट अशी आहे. तुझ्या उपप्रमुखाला व्यवस्थापनाने खुलासा मागितला आहे. तिने लिहायचं की "सरांच्या योजनेप्रमाणे केलं", की "सरांच्या मनाविरुद्ध केलं", हे तुझ्या हातात आहे. तू तिच्या मागे उभा राहिला नाहीस तर तुझं ते भाषण पुन्हा कुठे देऊ नकोस. दिलंस तर मी येईन. पहिल्या रांगेत बसेन आणि हात वर करेन.

धाकटी


२२ मार्च

दादा,

आई आणि मी परत येऊन आठवडा झाला. निघताना तुला नीट भेटले नाही, कारण मला निरोप घेता येत नाही. हे तुला मशीनशिवायही माहीत असेल.

तू आलास त्या दिवशी मी मुद्दाम जरा लांब, व्हरांड्यातल्या पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. तू विमानतळावरून थेट आलास, हातात बॅग तशीच. आत सात बायका बसल्या होत्या, प्रत्येकीच्या छातीवर एकेक टोपी. एक बाप पण होता, सदऱ्याची बटणं उघडी टाकून, लाजून लाल झालेला. तू काचेबाहेर बराच वेळ थांबलास. मला वाटलं आता हा ओरडणार. मग तू बॅग खाली ठेवलीस आणि उपप्रमुखाला विचारलंस, "संसर्ग किती जणांना?" ती म्हणाली, "एकालाही नाही, सर." तू म्हणालास, "तक्ता दाखव." तक्ता बघितलास. आणि खुलाशाच्या कागदावर, तिने लिहिलेलं सगळं तसंच ठेवून, खाली लिहिलंस, "माझ्या सूचनेवरून." खोटं लिहिलंस. आयुष्यात पहिल्यांदा तुझं खोटं मला आवडलं.

मग तू मला म्हणालास, "फोटो काढून टाकलाय मी." मी म्हटलं, "बरं केलंस." तू म्हणालास, "स्कॅनचं मात्र..." मी म्हटलं, "नाही." एवढंच आपलं बोलणं. नऊ वर्षांनंतर फार वाईट नाही.

पण तू आईला विचारलंस, "चल ना घरी," आणि ती नाही म्हणाली, त्याचा राग माझ्यावर काढू नकोस. मी तिला पढवलेलं नाही. तिच्या मनात आलं तर ती येईल. तुला भेटायचं तर तू इकडे ये. एक खोली आणि स्वयंपाकघर आहे, तुला जमिनीवर झोपावं लागेल. वहिनींनाही आण.

चिमटी सतराशे ग्रॅमची झाली. लेक म्हणते तिला दचकायला कमी होतं. बघू. तिच्या डोक्यात काय काय बांधलं गेलं आणि काय राहिलं ते तिचं ती बघेल. कुणी तिच्यावर लाल ठिपका धरला तर त्याची गाठ तिघींशी आहे.

आता हे शेवटचं, आणि हे भाषणात वापरायचं नाही.

काल सुट्टी होती. आईने माझी हत्यारांची पेटी रिकामी करून साबणाने धुतली. पान्यांना पाणी लावलं, वंगणाच्या चिंध्या फेकून दिल्या. मी भडकले. ती म्हणाली, "घाण होती, म्हणून धुतली." मी म्हटलं, "तुला न विचारता माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही." ती म्हणाली, "मी तुझी आई आहे." आणि मग ते आलंच. मी ओरडले, "तेव्हा कुठे होतीस? एका बाईने येऊ नको म्हटलं आणि तू आली नाहीस. दार नव्हतं तिथे? खुर्ची नव्हती?"

ती पण ओरडली. मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "मी एकवीस वर्षांची होते. अंगात ताकद नव्हती, हातात दुसरं पोर होतं, डॉक्टर सांगतात, सासू सांगते, मला कोण विचारतं. तुला काय वाटतं, मी आरामात झोपत होते?" मी म्हटलं, "मला नाही माहीत तू कशी झोपत होतीस. मी तिथे नव्हते." आम्ही तासभर भांडलो. शेजारीण दार उघडून बघून गेली. मी तिला माफ केलं नाही. तिने माफी मागितलीही नाही. तिचं बरोबर होतं का, मला कळत नाही. माझं बरोबर होतं, पण त्याने काही झालं नाही.

तुला माहीत आहे, भांडण झालं की मी निघते. सहा नोकऱ्या, एक नवरा, एक भाऊ. चप्पल घालायची आणि निघायचं, समोरचा निघायच्या आत. काल मी चप्पल घातली. दारापर्यंत गेले. मागे वळून बघितलं तर ती जमिनीवर बसून एकेक पाना फडक्याने कोरडा करत होती, गंजू नये म्हणून. नाक ओढत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा बारा नंबरचा कुठे ठेवायचा?"

"चौदाच्या शेजारी," मी म्हटलं.

"चौदाचा कुठला?"

मी चप्पल काढली आणि तिला दाखवायला खाली बसले.

तुझी,
धाकटी